वजन गेलं कुठे

धाकटीने रिमोट खाली ठेवला, परत उचलला, बॅटरीचं झाकण उघडून पुन्हा बसवलं. समोरच्या पडद्यावर काही फरक पडला नाही. ‘झेलदार’ मालिकेच्या शेवटच्या भागाखाली एक लाल रेघ होती आणि ती निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन थांबली होती. त्याआधीच्या दोन भागांखालची रेघ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. म्हणजे कुणीतरी ते दोन्ही भाग सबंध पाहिले होते आणि तिसरा अर्धवट टाकून उठलं होतं.

टीव्ही बाबांचा, खातं बाबांचं, आणि बाबांना जाऊन महिना उलटला होता.

ती खुर्चीत बसली, लगेच उठली. खिडकीपाशी गेली, पडदा सारला, खाली काही पाहण्यासारखं नव्हतं म्हणून परत ओढून घेतला. स्वयंपाकघरातून डबे पुसल्याचा आवाज येत होता. बाबा गेल्यापासून आईने घरातला प्रत्येक डबा निदान दोनदा तरी पुसला असेल.

घरात नियम होता, आणि तो बाबांनीच घातला होता: पुढचा भाग एकमेकांना सोडून पाहायचा नाही. धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. दर शनिवारी दुपारी ती बस धरून यायची, चहा व्हायचा, आणि मग बाप-लेक टीव्हीसमोर बसायचे. एखाद्या शनिवारी तिला जमलं नाही तर झेलदार आठवडाभर हवेत लटकत राहायचा. बाबा फोनवर म्हणायचे, “अगं ये लवकर, त्याचे हात दुखत असतील.”

आई या भानगडीत कधी पडली नाही. मालिका सुरू झाली की ती स्वयंपाकघरात जायची आणि तिथून टोमणे मारायची. “आला का तो गंजीफ्रॉकवाला? एवढी ताकद आहे तर म्हणावं माळ्यावरची ट्रंक काढून दे.”

बाबांनी उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत काढला होता. सुपरहिरो वगैरे त्यांना पोरखेळ वाटायचा. धाकटी एका साप्ताहिकात टीव्हीवर सदर लिहायची, तेव्हा तिच्या कामापुरता पहिला भाग त्यांनी सोबत म्हणून पाहायला घेतला होता, तोही वर्तमानपत्राच्या आडून. मग तो प्रसंग आला. क्रेन चालवणारा एक किडकिडीत माणूस, वरून निसटलेली तुळई नुसती हात वर करून हवेत थांबवतो. बायाबापड्या वाचतात. संध्याकाळी तो घरी जातो, लिफ्टमध्ये एकटाच शिरतो आणि लिफ्ट हलायला तयार नसते. जादा वजनाची घंटी वाजत राहते. त्याने झेललेल्या तुळईचं वजन त्याच्या अंगात उतरलेलं असतं.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. “हे बरोबर आहे,” ते म्हणाले. “लिफ्ट वर जाते तेव्हा मागे एक वजन खाली येत असतं. आत उभा असलेल्याला दिसत नाही. पण ते कुठेतरी असावंच लागतं.”

धाकटीने त्या आठवड्याच्या सदरात तेच लिहिलं, जरा नटवून. की इतर वीर जगाला वाचवतात आणि जेवायला घरी येतात. हा वीर वाचवलेल्या प्रत्येक गोष्टीचं ओझं घेऊन येतो, आणि ही मालिका ते ओझं विसरणार नाही असं दिसतं. लेख गाजला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. जो तो झेलदार पाहायला लागला आणि शेवटी या वजनाचं काय होणार यावर पैजा लावायला लागला.

आणि मग मालिकेला जे व्हायचं ते झालं. पैसा आला. झेलदाराला चांगला शिंपी मिळाला, अंगरखा आला, मुखवटा आला. चकचकीत शिरस्त्राण घातलेला खलनायक आला. पुलाच्या भागात तर झेलदाराने गाड्या-माणसांसकट अख्खा पूल तोलून धरला आणि पुढच्याच दृश्यात तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत शीळ घालत वर गेला. बाबा पुढे झुकले होते. “अरे,” ते म्हणाले, “वजन गेलं कुठे?”

“विसरले ते, बाबा.”

“विसरतील कसे? पहिल्या भागात एवढं मांडून ठेवलंय. शेवटी सांगतील. थांब जरा.”

नव्या उमेदवाराची पहिली चूक पोटात घालावी तशी ते त्या मालिकेची बाजू घेत राहिले. पुलाचा भाग हा त्यांनी एकत्र पाहिलेला शेवटचा. त्यानंतर दवाखाना झाला. मग काही दिवस ते घरी आले. त्या दिवसांतल्या एकुलत्या एका शनिवारी धाकटी रिमोट हातात घेऊन बसली तर ते उशीवरून म्हणाले, “आज नको गं. डोकं जड आहे. पुढच्या शनिवारी बघू.”

पुढचा शनिवार त्यांच्या वाट्याला आला नाही.

आता ही रेघ. त्या दिवसांत बाबांनी तिच्या पाठीमागे मालिका पाहिली होती का? पाहिली असेल, तर डोकं जड असणं ही थाप होती. आणि बाबांनी थाप का मारली असेल याचं एकच कारण तिला सुचत होतं. शेवट त्यांना निकृष्ट वाटला असणार. आपण महिनोन्महिने ज्याची बाजू घेतली त्याने हात दाखवला, हे लेकीला कळू नये म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं असणार. तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: उशीला टेकलेले बाबा, कमी केलेला आवाज, आणि निम्म्याच्या पुढे कुठेतरी रिमोटकडे गेलेला हात. शेवटचे दिवस, आणि त्यातही एक फसवणूक. ती तिला कुठे ठेवावी ते कळेना.

फोन वाजला. संपादकीणबाई होत्या. “बाई, मी मागे लागत नाहीये,” त्या म्हणाल्या, म्हणजे मागे लागल्या होत्या. “पण लोकांना तुझ्याकडूनच ऐकायचंय. आशा तू लावलीस. एक जण तर लिहितो, यांच्या भरवशावर मी बायकोशी भांडलो. अपेक्षा पुऱ्या झाल्या की नाही, एवढं सांग आणि मोकळी हो.”

“उद्या सकाळी देते.”

“पाहिलास ना शेवट?”

“पाहतेय,” धाकटी म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. रेघेकडे ती पाहतच होती.

तिने थोरल्याला फोन लावला. थोरला भाऊ संध्याकाळी टीव्ही न्यायला येणार होता. आई तर टीव्ही पाहत नाही, खातंही बंद करून टाकू, उगाच चालू कशाला, असं त्याने परस्पर ठरवलं होतं, आणि आईने हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं.

“दादा, तू बाबांच्या टीव्हीवर झेलदार पाहिलास?”

“मी?” थोरला म्हणाला. “मला श्वास घ्यायला वेळ नाही, आणि मी त्या टोपीवाल्याला बघत बसू? का गं?”

“काही नाही. सहज.”

“सहज म्हणतेस तेव्हा काहीतरी असतंच. स्क्रू काढायला लागू नकोस, मी येतोय.”

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, बाबांच्या जोडीदाराला. लिफ्टच्या कामात हे दोघे इतकी वर्षं बरोबर होते की एकाने पाना मागायच्या आत दुसऱ्याने तो पुढे केलेला असायचा. सगळे त्यांना बुटकेकाका म्हणत. ते स्वतःही फोनवर तसंच सांगत.

“बुटका बोलतोय.”

“काका, मी धाकटी. तुम्ही त्या दिवसांत बाबांना भेटायला येत होता ना, तेव्हा टीव्ही चालू असायचा का?”

“असायचा की. तुझा बाप आणि मी बोलायला लागलो की शेजारी बँड वाजला तरी आम्हाला कळत नाही. काय चालू होतं ते कुणाला ठाऊक. का, काय झालं?”

“एक भाग अर्ध्यावर बंद केलेला दिसतोय.”

“मग तो त्याने बंद केलेला नाही.”

“कशावरून?”

“अगं, तो अर्ध्यावर काही सोडायचा का? काम झालं, सामान भरलं, जेवणाची वेळ टळली, तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असेल तर हा हलायचा नाही. मी म्हणायचो, आत कोणी नाही, लाईन बंद आहे, उद्या बघू. नाही. हाताने चाक फिरवून मजल्याला लावणार, दार उघडून बघणार, उंबरठा सरळ आला का, मग घरी. एकदा माझं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते. त्या दिवशीही हेच. पाहुणे निघून गेले.” ते हसले. “बरं झालं म्हणा. नंतरची चांगली मिळाली.”

धाकटीही हसली, पण फोन ठेवल्यावर तिची तगमग वाढलीच. काका म्हणत होते ते खरं होतं. बाबा मालिकासुद्धा तशीच पाहायचे, शेवटची सगळी नावं सरकून पडदा काळा होईपर्यंत. प्रकाशयोजना साहाय्यकाचं नावदेखील ते वाचायचे. तो माणूस अर्ध्यावर थांबला असेल तर दोनच शक्यता. एक, मध्येच त्यांना इतकं बरं वाटेनासं झालं की हात उचलला नाही, आणि तेव्हा जवळ कोणी नव्हतं. किंवा जे दिसलं ते इतकं वाईट होतं की जन्माची सवय मोडली. पहिली शक्यता ती मनात पुरती येऊ देईना. दुसरी तिला अजिबात नको होती.

ती खोलीत इकडून तिकडे गेली. बाबांची औषधं ठेवायचं टेबल आता मोकळं होतं, त्यावर हात फिरवला. खुर्ची सरकवली, परत होती तिथे आणली.

“काय घुशीसारखी खुडबुड लावली आहेस?” आई आतून म्हणाली. “बस ना एका जागी.”

“बसतेय.”

“केव्हाची बसते आहेस.”

बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लेख लिहायचा तर शेवट पाहायचा. बाबांनी कुठे हात टेकले ते बघायचं तर तिथूनच सुरू करायचं, जिथे रेघ थांबली होती. तिने बटण दाबलं. झेलदार कुठल्याशा गच्चीवर उभा होता, अंगरखा वाऱ्यावर फडफडत होता, आणि तो खलनायकाला माणुसकीवर व्याख्यान देत होता. खलनायकही ते सगळं ऐकून घेत होता. वाईट होतं. इतकं वाईट की बाबांचा हात उठलेला तिला स्पष्ट दिसला.

“थोडं मागे घे,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“मागे घे जरा. त्याची बहीण दाराशी येते तिथून लाव. तिथे मला डुलकी लागली. मग ते विचारत बसलं, तुम्ही अजून पाहताय का, अजून पाहताय का. मला बटण सापडेना, मी सरळ भिंतीवरून बंद केलं.”

पडद्यावरचं व्याख्यान चालूच राहिलं. धाकटी रिमोट हातात धरून दाराकडे वळली. आई फडकं खांद्यावर टाकून चौकटीत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. थोडा त्रासिकपणा होता, एवढंच.

“तू पाहतेस हे?”

“मग दुपारी काय करू? डबे तरी किती पुसू?”

“कधीपासून?”

“आता झाले काही दिवस. तू शनिवारी येतेस तेव्हा हे लावायचं तुला होईना, दिसत होतं मला. म्हटलं, आपण तर बघू.”

धाकटीने पुढचा प्रश्न जमेल तितका साधा करून विचारला. “आणि बाबांनी? घरी आले होते तेव्हा, त्यांनी यातलं काही पाहिलं?”

“त्यांनी?” आई म्हणाली. “तुला सोडून? दवाखान्यातून आले त्या दिवशी मीच म्हटलं, लावू का तुमचा तो गंजीफ्रॉकवाला, पडल्या पडल्या बघा. तर रिमोट ओढून घेतला माझ्या हातातून आणि उशीखाली ठेवला. म्हणे, ती आल्यावर. मी म्हटलं, मी काय पळवून नेतेय का.”

“पण मी आले तेव्हा नको म्हणाले.”

“डोकं दुखत होतं त्यांचं. तू गेल्यावर कपाळाला बाम लावून दिला मी. दुसरं काय?”

दुसरं काहीच नव्हतं. डोकं जड होतं म्हणून ते डोकं जड आहे म्हणाले होते. धाकटी खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच तिला लगेच उठावंसं वाटलं नाही. सगळ्या घराने, तिने, थोरल्याने आणि कदाचित बाबांनीही, आई टीव्ही पाहत नाही हे इतकं धरून ठेवलं होतं की रेघ ओढणारा माणूस घरातच, दहा पावलांवर डबे पुसतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

“पण तुला हे आवडायचं नाही ना, आई?”

“नाहीच आवडत.” आई येऊन बाबांच्या खुर्चीत बसली, अगदी काठावर, उठायचं असल्यासारखी. “ते सारखं म्हणायचे ना, वजन गेलं कुठे, वजन गेलं कुठे. दवाखान्यातसुद्धा एकदा विचारलं मला. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तर स्वयंपाकघरात असते. घे आता मागे.”

धाकटीने मागे घेतलं. पावसाळी काळसर रंगाचा एक जिना आला, मग दार, मग दारात झेलदाराची बहीण. तिचं काम मालिकेत फारसं नव्हतं. झेलदार मोहिमेवर निघाला की दाराशी येऊन ती त्याची कामाची पिशवी आत घ्यायची. धाकटीला तर तिचा चेहराही धड आठवत नव्हता.

“हां, इथून,” आई म्हणाली.

दोघींनी पाहिलं. आईला बोलल्याशिवाय पाहता येत नव्हतं, हे धाकटीला आजच कळलं. खलनायकाच्या शिरस्त्राणाला ती प्रेशर कुकर म्हणायची. गच्चीवरच्या व्याख्यानाला तिने “आटप रे” म्हणून हात हलवला. शेवटी शहरावर कोसळणारा मनोरा झेलदाराने नेहमीप्रमाणे हवेत धरला, त्याला एका बोटाने समुद्राकडे भिरकावून दिलं आणि स्वतः सूर्यास्तात उडत निघून गेला. एवढा मोठा मनोरा, आणि त्याच्या खांद्याला रग लागल्याचंही दिसलं नाही. खालच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. संगीत चढलं.

“झालं?” आई म्हणाली.

“झालं.”

“म्हणजे सांगितलंच नाही.”

“नाही.”

“बघ. आणि ते बिचारे त्याची बाजू घेत बसले.” पडद्यावर गर्दी पांगत होती, आणि तिच्या कडेला ती बहीण उभी होती, तशीच, पिशवी घेऊन. “हिला विचारा म्हणावं,” आई म्हणाली.

“कुणाला?”

“हिला. पहिल्या भागापासून ती पिशवी धरून उभी आहे. मी पहिलेही पाहिले ना नंतर, उलटे. सुरुवातीला ती एका हातात धरते. पुलाच्या वेळी दोन हातांत. आता बघ, खाली टेकवूनच ठेवली आहे, उचलवत नाही तिला. तो उडाला, ती राहिली.”

धाकटीने चित्र थांबवलं. पिशवी खरंच खाली टेकवलेली होती. बहिणीचा एक खांदा खाली झुकला होता. हे करणाऱ्यांच्या डोक्यात होतं की त्या नटीला त्या दिवशी उभं राहून कंटाळा आला होता, सांगणं कठीण. ती इतक्या मालिका पाहून बसली होती की दुसरी शक्यताच तिला जास्त खरी वाटली. एकाही परीक्षकाने, एकाही वाचकाने त्या पिशवीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाबांनीही नाही. ते सगळे वर बघत होते, तो उडतो तिकडे.

तिने आईकडे पाहिलं. आई आता खुर्चीत पुरती मागे टेकली होती. हातातलं फडकं तिने मांडीवर घडी करून ठेवलं होतं.

“मग काय लिहिणार आहेस?” आईने विचारलं.

“की अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत.”

“लिही. खोटं कशाला लिहायचं?”

“आणि पिशवीचं?”

“ते तू बघ. तुझं काम आहे.” मग थोड्या वेळाने, “माझं नाव घालू नकोस.”

धाकटीने चित्र पुढे सोडलं. नावं सरकायला लागली, पांढरी, बारीक, एकाखाली एक. तिचा अंगठा सवयीने बंदच्या बटणावर गेला होता, तो तिने काढून घेतला.

तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं आणि थोरला आत आला, एका हातात स्क्रू-ड्रायव्हरची पेटी, दुसऱ्यात दोरी. भिंतीकडे बघत त्याने बाह्या वर केल्या. “चला, उरकू या. आई, याची काळी वायर कुठून जाते गं मागून?”

“कुठूनही जात नाही,” आई म्हणाली. “टीव्ही राहू दे. आणि ते खातं का काय ते, तेही राहू दे.”

“पण तू तर पाहत नाहीस.”

“कोण म्हणालं?”

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने खांदे उडवले आणि स्टुलावरची वर्तमानपत्रं उचलून त्याला जागा करून दिली.

“अगं, पण मी पेटी घेऊन आलोय, घरी हिला सांगून—”

“बस,” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “नावं संपू देत आधी.”